टँकरनंतर मोजलेली विहीर

११ एप्रिल
संक्रांतीपासून वही उघडली नाही. सवड नव्हती असं लिहिणार होते, पण खरं तसं नाही. लिहायला बसलं की स्वतःला काही विचारावं लागतं, तेवढं टाळत होते. चुकलंच.
आज टंचाईची पाहणी. चार गावं, शेवटी वेरूळच्या पलीकडची मेंढपाळांची वस्ती. सोबत ग्रामसेवक जाधव. विहिरीत दोर सोडला, पुरुषभर पाणी. जाधव म्हणाले, "बरंय की, मॅडम." आकडा लिहिला. बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. ऊन फार होतं.

१३ एप्रिल
बैठक. दर वर्षी कोणाचा फोन आला त्यावर टँकर ठरतो. या वेळी बीडीओ साहेबांनी माझा तक्ता मागवला, वाचला. विहिरीला पाणी तिथला टँकर बंद. वस्तीचं नाव चहा यायच्या आत निकालात. कोणी शंका काढली नाही.
मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझे आकडे वापरले.

१८ एप्रिल
वस्तीवरच्या कोंडाबाई सुनेला घेऊन कार्यालयात आल्या. सून पोटुशी. खुर्ची दिली तर म्हातारी खालीच बसली.
"बाई, तुमी आलता त्या दिशी सकाळीच टँकर येऊन गेलता. इहिरीतच वततेत न् त्ये. तुमी टँकरच मोजून गेल्या."
मग त्याच वेळी का नाही सांगितलं, असं विचारलं. आवाज चढला माझा.
"तुमी कुटं इचारलं? लिवत व्हत्या. लिवणाऱ्याला मधी टोकू नाय."
सून तोंडाला पदर लावून हसली. हसण्यासारखंच आहे.

१९ एप्रिल
एकटी वस्तीवर जाऊन आले. दोराला चिखल लागला.
जाधवांना फोन केला. टँकर आल्याचं त्यांना माहीत होतं. "तुम्हालाबी माहीत असंल असं वाटलं, मॅडम." रागवावंसं वाटलं, पण रागवू कशाच्या जोरावर? टँकर सगळीकडे विहिरीतच ओततात, हे मलाही ठाऊक होतं. आधी टँकर कधी आला होता, एवढं विचारायचं होतं. मागच्या उन्हाळ्यांत अशा किती विहिरी मोजल्या असतील? जुन्या फायली काढायचा धीर झाला नाही.

२२ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आकडा जिल्ह्याला गेलाय. आता दुसरा पाठवला तर दोन्हींतला खरा कोणता, असं वरून विचारतील. मग बाकीच्या गावांचंही उकरून काढतील. पुढच्या पाहणीपर्यंत थांबा. मी निघताना म्हणाले,
"आकडे बघून निर्णय घ्या, असं तुम्हीच म्हणायच्या ना, मॅडम? घेतला."
 

२५ एप्रिल
जाधवांचा फोन. अर्धी वस्ती मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघून गेली. कोंडाबाई आणि सून मागेच. सुनेचे दिवस भरत आलेत. दीड कोसावरच्या बोअरवरून म्हातारी एकेक घागर आणते.
साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच टिपून घेतलं. मला वाटलं, ऐकलं. मग म्हणाले, लोकच नाहीत तर टँकर कोणासाठी? आता हीसुद्धा माहितीच. खरी आहे, आणि तीही मीच पुरवली.
यापुढं काही सांगायचीच भीती वाटते.

२६ एप्रिल
रविवार. आठवड्यानं नळ आला. पिंपं भरली, बादल्या भरल्या, कूलरमध्येसुद्धा ओतलं. हात थांबला नाही. त्याचंच वाईट वाटत राहिलं.
दुपारी पत्राचा मसुदा केला. "मोजमापात तफावत आढळून आली आहे." घरात ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, छान आहे, कोणाचं नाव येत नाही. म्हणूनच फाडला. दुसरा लिहिला, त्यात टँकर आला, ग्रामसेवक आले, ऊनसुद्धा आलं. मी शेवटच्या ओळीत. तोही फाडला.
यानं टँकर सुरू होईल असं वाटत नाही. फार तर चौकशी होईल, आणि चौकशीला पावसाळा उजाडेल. पण मोजलं मी.

उद्या: जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन लेखी देणे, वस्तीचा आकडा चुकीचा, चूक माझी.