तीन मिशांचा कृमी

५ जानेवारी
या वर्षी नवीन प्रजाती शोधणारच. अकरा वर्षं रोह्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवतोय, तेही तासिका तत्त्वावर. एक पेपर छापून आला की पर्मनंट करावंच लागेल. मुनीराला सांगितलं. बायको असून तिने एवढंच विचारलं, कुठला प्राणी? समुद्री कृमी, म्हटलं. म्हणाली, किडा होय.

१९ जानेवारी
पेणच्या खाडीत ओहोटीला उतरलो. मांडीपर्यंत रुतलो. दोन तास तसाच. भरती चढायला लागली. शेवटी मिठागरातल्या गोदूबाईने फळी टाकली. म्हणाली, "मास्तर, हलू नको. हललास का अजून आत जाशील." मी घाबरलो नव्हतो. ओरडलो ते तिला दिशा कळावी म्हणून. एक बूट गेला. पण बरणीत एक कृमी आला!

२० जानेवारी, दुपार
मायक्रोस्कोपखाली चिमट्याने सरळ केला. याच्या जातभाईंच्या डोक्यावर पाच मिशा असतात. याला तीनच. नवीन प्रजाती! नाव मुनीराचं देणार. खरं तर आणखी चार-पाच नमुने हवेत. चिखल आठवला. एक पुरे.

२१ जानेवारी
कोचीच्या तज्ज्ञ मॅडमना फोटो मेल केले. प्रिन्सिपॉल हैबतरावांना सांगितलं, पण फक्त त्यांच्यापुरतं.

२४ जानेवारी
नोटीस बोर्डवर माझा फोटो. ३१ला सत्कार. थांबवा म्हणायला केबिनमध्ये गेलो होतो. त्यांनी चहा मागवला, राहून गेलं. मुनीराने माहेरी कोलाडला कळवलंय. आठवड्यात कन्फर्म होईलच.

३० जानेवारी
मॅडमचं उत्तर आलं. प्रजाती जुनीच, सगळ्या किनाऱ्यावर सापडते. उरलेल्या दोन मिशा तुमच्याच फोटोत चिमट्याला चिकटलेल्या दिसतात.
जेवलो नाही. पित्त झालंय, सांगितलं. मुनीरा माझा शर्ट इस्त्री करत होती.

३१ जानेवारी
सकाळीच हैबतरावांना खरं सांगितलं. म्हणाले, "पाहुणे वडखळला पोचलेत, नोमान सर. आता गप बसा." पहिल्या रांगेत सासरचे नऊ जण. मध्ये मुनीरा, नवीन ड्रेसमध्ये. बाहेर जायचा दरवाजा त्यांच्यामागे.
शाल घेतली. मग मात्र धीर केला. उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. प्रजाती जुनी आहे, मिशा मीच तोडल्या, माफ करा. खूप टाळ्या पडल्या. लोकांना प्रामाणिकपणाची कदर आहे, हे आज कळलं.
घरी येताना मुनीरा म्हणाली, "बोललात छान. माइक बंद होता, पन दिसत व्हतात चांगले."