निघायची तयारी

२ फेब्रुवारी
आलो एकदाचे! दोन खोल्या, एक गॅलरी, सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी आणि माझ्या नव्या नोकरीची मलेरियाची प्रयोगशाळा रस्ता ओलांडला की समोर. खारीने आल्या आल्या गॅलरी बळकावली. खार म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. पेन्सिली कुरतडते म्हणून हे नाव. सामान वर चढवताना भाऊ टोमणा मारून गेलाच, की सगळं जग डासांपासून पळतं आणि आमच्या बाईसाहेब त्यांच्या शेजारी बिऱ्हाड थाटतात. मारू दे. खारीचे बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा मी भांडी लावताना गाणं गुणगुणत होते.

९ फेब्रुवारी
मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, नाकावर माशी बसू देत नाहीत. डास मात्र हजारांनी पाळतात. आज त्यांनी मला सगळं समजावून दिलं. मलेरियाचा जंतू माणसाच्या रक्तात नुसता वाढत राहतो, एकाचे वीस होतात, आणि ताप येतो तो त्या वाढीमुळे. पण काहींच्या आत एक जनुक जागं होतं. ते पुढची कितीतरी जनुकं चालू करतं आणि तो जंतू वाढणं सोडून नर होतो किंवा मादी. मग त्याचा ताप येत नाही. केळ्यासारखा बाक येतो आणि तो रक्तात गप्प बसून डासाची वाट बघतो. मॅडम याला निघायची तयारी म्हणतात.

आमचा जंतूंचा वाण बाटल्यांत वर्षानुवर्षं वाढून ही तयारीच विसरलाय. ते जनुक पुन्हा जागं करायचं, हे आमचं काम. मॅडमनी त्यात फेरफार केलेत आणि फेरफार झालेले जंतू निवडायला त्यांना औषधांतच वाढवलंय, त्यामुळे नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. मला हे सगळं भलतंच आवडलंय.

२१ फेब्रुवारी
रक्तपेढीकडून पिशवी आली नाही. रक्त नाही तर जंतू उपाशी, आणि मॅडमची सगळी मेहनत मातीत. इथला एक नियम मला पहिल्याच दिवशी बजावला होता: जंतू हाताळणाऱ्याने स्वतःचं रक्त बाटलीत घालायचं नाही. चुकून ते जंतू अंगात गेलेच, तर शरीर त्या रक्तपेशी आपल्याच समजून आत घेतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी अजून कच्ची आहे, आणि मला शहाणपणा मिरवायची खोड. मीच बाही वर केली.

५ मार्च
झालं! माझ्या रक्तातले जंतू वळले! सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर जिकडे बघावं तिकडे नर आणि माद्या. मॅडमनी चक्क मला मिठी मारली. घरी येऊन मी खारीला उचलून गरगर फिरवलं, तर म्हणते, आई, तू आज वेड्यासारखं का करतेस?

८ मार्च
एक गंमत आहे. पेढीच्या रक्तात त्याच वाणाने काहीच केलं नाही. फक्त माझ्यात. मॅडमनी आणखी रक्त मागितलं, मी दिलं.

आज जंतूंनी भरलेली पिपेट, ती काचेची बारीक नळी, हातात फुटली. मोज्यातून अंगठ्यात काच घुसली. सांगितलं तर बाटल्या बंद होतील आणि बहुधा नोकरीही. गुपचूप धुतलं, गोळ्या घेतल्या. ताप आलाच तर बघू.

२८ मार्च
ताप नाही. कणकणसुद्धा नाही.

पण डासांच्या खोलीत गेले तर पिंजऱ्यांतले सगळे डास माझ्या बाजूच्या जाळीला येऊन चिकटले. मी पलीकडे गेले. ते पलीकडे आले. इतर कोणी आत गेलं तर ढिम्म हलत नाहीत.

म्हणून स्वतःचं बोट टोचून काच पाहिली. सगळीकडे तीच बाकदार केळी. वाढणारा एकही नाही.

३० मार्च
काल मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी पिकलेल्या नर-माद्यांना मारणारी वेगळी गोळी दिली. आज पुन्हा काच पाहिली. केळी कमी नाहीत, उलट जास्तच. मी मॅडमना विचारलं, सगळेच्या सगळे का वळले? त्या म्हणाल्या, हे घर पुरेसं नाही असं कळलं की ते वळतात. मग त्यांना कुठलं घर हवंय, असं विचारलं. त्यावर त्या उठून खिडकीकडे गेल्या.

२ एप्रिल
गॅलरीच्या दाराशी जाळी फाटली आहे. कधीपासून, देव जाणे.

खारीच्या पलंगावर, भिंतीवर डास बसलेले. टम्म फुगलेले. उडतही नाहीत. मी चपलेने सगळे मारले. ते रक्त माझंच, कारण रात्री मला चावतात. मग तिच्याच उशाशी का बसतात?

३ एप्रिल
भाऊ येऊन तिला घेऊन गेला. फार रडली. आईला मी नको झाले, असं मामाला सांगत होती. मी जवळ घेतलं नाही. जवळ घेतल्याने काही होत नाही हे मला माहीत आहे, तरी घेतलं नाही.

तिच्या कोपरावर एक गांधी होती. लाल. ताजी नव्हती.

१५ एप्रिल
ताप. भाऊ म्हणाला, काही नाही, उन्हात खेळली असेल. मी फोनवर किंचाळले. दवाखान्यात न्यायला लावलं. मला तिथे जाऊ देत नाहीत, माझ्या रक्तामुळे—

१६ एप्रिल
औषध लागू पडत नाही. कसं पडेल? आम्हीच तर ते—

मॅडम सांगायला आल्या. आमच्या सगळ्या बाटल्यांतलं ते जनुक बंद पडलं. एकाच दिवशी. कालच.

माझं रक्त पाहिलं. स्वच्छ. एकही नाही. निघून गेले.

१७ एप्रिल
दवाखान्याने तिच्या रक्ताची काच पाठवली. मीच पाहिली.

नर नाही. मादी नाही. एकही नाही. नुसती वाढ, पेशीपेशीत. दवाखान्याने काल सकाळी मोजले त्यापेक्षा कितीतरी—

माझ्यातून त्यांना निघायचं होतं. तिच्यातून नाही. तिच्यात कसलीच तयारी नाही. पोचलेत ते. आता त्यांना कुठेच जायचं—

भावाचा फोन वाजतोय. बंद झाला. पुन्हा वाजतोय.

मी उचलणार नाही. मी उचलत नाही तोवर माझी खार—