दोन टक्क्यांचा नारळ

गणेशगुडी

तीर्थरूप पार्वतीअक्कास धाकट्या यशवंताचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो.) भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही मजेत आहोत असं मी म्हणतो. गिरजेचं मत वेगळं आहे.

झालं असं, की रेडिओवर सांगितलं, महागाईचा दर दोन टक्क्यांवर उतरला. मी लगेच गिरजेच्या घरखर्चातले पाचशे कापले. (जन्मभर पॉवर हाऊसमध्ये मीटर वाचले, आकडे मला कळतात.) ती भांडली नाही. "मग चवथीचा बाजार तुम्हीच आणा," म्हणाली आणि पिशवी हातात दिली. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. चवथीला तिच्या माहेरची नऊ माणसं येणार, दहा नारळ तरी हवेतच.

रामनगरच्या बाजारात केशर म्हणून एक बाई नारळ घेऊन बसते. तिनं एकाचे पन्नास सांगितले. मी म्हटलं, गेल्या वर्षी तीस होते, त्यावर दोन टक्के धर, तीस रुपये साठ पैसे होतात. चार माणसं जमली, म्हणून आवाजही चढवला. केशर उठलीच. "दोन टक्क्यांचा नारळ कुठल्या झाडाला लागतोय मला ठावं न्हाई, सायब. तुम्हीच बसा हितं. नारळामागं मला पन्नास द्या, वरचं तुमचं. मी च्या पिऊन येते." आणि गेली की!

बसलो गोणपाटावर. (कंबर तिथंच धरली.) पहिलं गिऱ्हाईक दिग्गीचा भिकाजी. म्हणतो, "महागाई उतरली म्हनत्यात न्हवं? तीसला द्या." माझं डोकंच फिरलं. "अरे, उतरला तो दर, भाव न्हवं! अणशीचा घाट चढताना बस हळू झाली म्हणजे ती खाली येते व्हय? चढतच असते की! आणि तो दर सगळ्या जिनसांचा मिळून. टोमॅटो स्वस्त झाला म्हणून नारळ झाला काय?" बोलता बोलता माझं मलाच कळलं, आणि अक्का, कान असे तापले म्हणून सांगू! भिकाजीनं मुकाट पंचावन्न दिले.

मग मात्र मला चेव आला. नारळ कानाशी हलवून दाखव, एकाला कन्नडात पटव, दुसरीला कोंकणीत. इतकी मजा लग्नातही आली नव्हती. (हे गिरजेला कळवू नकोस.) केशर परतली तेव्हा गोणपाट रिकामं. घरासाठी बाजूला ठेवलेले दहासुद्धा मी साठाला एक करून विकून टाकले होते! वरच्या पैशांची केशरसकट सगळ्यांना भजी खाऊ घातली.

घरी गेल्यावर गिरजेनं पिशवी उलटी करून झटकली, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबून खाली बसली. ती हसत होती हे कळायला मला जरा वेळ लागला. कापलेले पाचशे मी तिला परत दिले, वर आणखी पाचशे दिले.

तुझा,
यशवंत

ता. क. भाऊजींच्या बागेतले वीस नारळ चवथीच्या आधी कारवारच्या बसनं पाठव. सोलून.

आणखी ता. क. भाडं तिकडंच भर.

शेवटचं ता. क. केशरनं पुढच्या बाजारालाही बोलावलं आहे. गिरजेची परवानगी तत्काळ मिळाली. मी घराबाहेर असलो की घरखर्च आपोआप उतरतो, असं तिचं म्हणणं.