दैवशालाच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

मी, बन्सीधर तात्याराव खापरे, वय ७१, धंदा फोटोग्राफी, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा मुलगा रविकांत याला त्याबद्दल शंका असते, म्हणून दोन डॉक्टरांचे दाखले जोडले आहेत.

१. ‘दैवशाला फोटो स्टुडिओ’ हे दुकान व मागच्या दोन खोल्या रविकांतला द्याव्यात. तिथे त्याला मोबाइलचे दुकान टाकायचे आहे. खुशाल टाकावे. मात्र कलम ४ पाळले तरच. न पाळल्यास सगळे सून सौ. ज्ञानेश्वरी हिच्या एकटीच्या नावे होईल.

२. बँकेत असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे.

३. निगेटिव्हच्या पेट्या भंगारात घालायच्या नाहीत. ऊसतोडीला निघण्याआधी माणसे म्हाताऱ्या आईबापांसोबत माझ्याकडे फोटो काढून जात, कारण परत येईपर्यंत कोण राहील याचा भरवसा नसे. पाकिटांवर नावे आहेत. ज्याची त्याला फुकट द्यावी.

४. आता मुख्य गोष्ट. माझी पत्नी दैवशाला दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या गोडजेवणाला रविकांतने हार घालून जो फोटो लावला, तो त्याने देवगाव फाट्याच्या एका लग्नात मोबाइलवर काढलेला होता. त्या मोबाइलने तिच्या तोंडावरचे देवीचे वण पुसले, हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन ठिपके पुसले, वर गाल गुलाबी केले. तिच्यासोबत लहानपणी एकाच दिवशी गोंदून घेतलेली चांगुणाबाई फोटोपुढे उभी राहून म्हणाली, “ही कोन बाई हाय? आमची दैवशाला कुठं हाय?” भरल्या घरात मला मान वर करता आली नाही.

मी कॅमेऱ्याने काढलेला तिचा फोटो कपाटात होता. रविकांत म्हणाला, “बाबा, त्यात आई लय काळी दिसायलीय. ह्या मोबाइलला दोनशे मेगापिक्सेल हायेत, तुमच्या कॅमेऱ्याला चोवीस.” अरे, मेगापिक्सेल काय चाटायचेत? तुझ्या मोबाइलचे भिंग तुरीच्या दाण्याएवढे. त्याला दिसत नाही ते तो मनाने रंगवतो. पिकाच्या नुकसानीचे, नातवंडांचे फोटो त्यावर खुशाल काढा, मीही काढतो. माझ्या बायकोचे तोंड मी त्याच्या हवाली करणार नाही.

मीही नवऱ्या मुलींच्या पुटकुळ्या निगेटिव्हवर पेन्सिलीने झाकल्या, असे रविकांत मला सुनावतो. झाकल्या. विचारून झाकल्या. दैवशालाला कोणी विचारले? स्टुडिओ उघडला तेव्हा पहिला फोटो तिचाच काढला. मी पेन्सिल उचलली तर म्हणाली, “राहू द्या की. मी अशीच हाय.” त्यानंतर तिच्या फोटोला मी कधी पेन्सिल लावली नाही.

म्हणून माझ्या तेराव्याच्या आत भिंतीवरची ती परकी बाई उतरवावी आणि मी काढलेला, ठिपक्यांचा फोटो लावावा. रविकांतला कोर्टात जायचे असेल तर जरूर जावे. दोन्ही फोटो सोबत न्यावेत आणि यातली आपली आई कोणती, हे साहेबांना शपथेवर सांगावे.

५. कॅमेरा, दोन्ही लेन्स व ट्रायपॉड ज्ञानेश्वरीला. गेल्या महिन्यात मी तिला म्हणालो, “माझा भिंतीवरचा फोटो तूच काढायचा.” ती घाबरली. “मला न्हाई जमायचं, बाबा.” मी आठ दिवस शिकवले, ती शिकली. बटण दाबताना सासूच्या आठवणीने सहज म्हणाली, “आज आत्याबाई असायला पायजे होत्या.”

तो फोटो सोबत जोडला आहे. जरा हलला आहे, एक कान अंधारात गेला आहे. कपाळावरची खोक आली आहे, डोळ्यांतले पाणीही आले आहे. हाच फोटो दैवशालाच्या शेजारी लावावा. काही पुसू नये.

सही: बन्सीधर तात्याराव खापरे

साक्षीदार:
१) वैजीनाथ सिताराम घुले (सही)
२) चांगुणाबाई बालाजी गिरी (डाव्या हाताचा अंगठा. दोन्ही फोटो पाहून दिला.)

ठिकाण: बोरी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५