उंच गाडी

भद्रावती, ३ डिसेंबर २०२५

ती. संघप्रियाताईस, संघपालचा सप्रेम जय भीम.

वि. वि. नवी गाडी घेऊन महिना झाला. जुनी छोटी गाडी चामोर्शीच्या रस्त्यानं दर ब्रेकरवर पोट घासायची. ही खड्डा कळूच देत नाई. तुझी भावजय रश्मी चिडवते, की तू आता लोकांकडं वरून पाहतोस. पण आई इकडं यायले तयार नाई. फोनवर रोज नवं कारण. जुनी गाडी घुग्घुसच्या रईसभाऊले विकली म्हणून रागावली काय? विचार तिले.

माया असू दे.
संघपाल

चामोर्शी, ९ डिसेंबर

चि. संघपाल यास मंगल कामना.

फोनवर सांगितलं असतं, पण आई जवळच बसून असते. राग नाई तिले, लाज वाटते. मागल्या महिन्यात आपल्या चुलतभावाच्या, अतुलच्या लग्नातून निघताना तिचा पाय तुझ्या गाडीत पोचेना. दोन पोरांनी खालून हात लावून तिले वर ढकललं. लुगडं गुडघ्यावर सरकलं. मांडवातल्या बाया पाहत होत्या, अन् तू स्टेअरिंगवरून हसत विचारलंस, की पोतं चढलं काय. तीपण हसली. घरी मात्र भिंतीकडं तोंड करून पडली, जेवली नाई. जुन्या गाडीत ती आधी टेकायची, मग पाय आत घ्यायची. कोणाचा हात लागत नव्हता. तुले सांगू नको म्हणाली होती.

तब्येत सांभाळ.
ताई

भद्रावती, १४ डिसेंबर

ती. ताईस जय भीम.

तुझं पत्र रश्मीले दाखवायची हिंमत झाली नाई. ती पोत्याची गोष्ट मी कामावर रंगवून सांगितली होती. आईले फोन लावला, तर माफीऐवजी तोंडातून थंडीच्याच गोष्टी निघाल्या.

काल घुग्घुसले गेलो. रईसभाऊले जुनी गाडी आठ-दहा दिवसांसाठी मागताना जीभ अडखळली. त्यानं सीटवरची कोळशाची धूळ पुसली अन् चावी देत म्हणाला, की आईसाठी मागायचं नसते. येत्या रविवारी येतो.

मले अंतर देऊ नको.
संघपाल

चामोर्शी, २३ डिसेंबर

चि. संघपाल यास मंगल कामना.

आईले घेऊन निघालास तेव्हा तू डिक्कीत पिशव्या ठेवत होतास, मान वर केली नाईस, म्हणून लिहिते. जुनी गाडी पाहून शेजारच्या बायनाबाईनं आईले विचारलं, की पोरानं मोठी गाडी विकली काय. मले वाटलं, आई काहीतरी सबब सांगंन. गुडघ्याचं तिनं आजवर कोणाले कळू दिलं नव्हतं. पण ती साऱ्या गल्लीले ऐकू जाईल असं बोलली, की मोठी घरी आहे, माझे गुडघे चढत नाईत म्हणून पोरगा ही मागून घेऊन आला.

मग गाडीचं दार बायनाबाईनंच लावून दिलं.

तुझं माफी मागून झालं काय, तेवढं कळव. रश्मीले जय भीम.

तुमची आठवण काढणारी,
ताई