उतरवलेली दोरी

सर,

आज तुमच्या नेमबाजीच्या मैदानावर एक नवरदेव आला होता, लग्नाआधीचे फोटो काढायला. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर तुमच्या मुलाने, आमच्या दादाने, मैदानाच्या एका कडेला चहाचं दुकान टाकलं आणि दिव्यांची कमान उभी केली. सुट्टीच्या दिवशी नाशिकहून जोडपी येतात. त्यांच्या पैशावर मैदान चालतं, म्हणून सकाळी वस्तीतल्या मुलींना मी फुकट नेम धरायला शिकवू शकते. दादाने हाक मारली की मला जावंच लागतं, ते यामुळे. घरात पहिली पदवी माझी, सर. पण सिन्नरहून जीपने रोज इथे येते ती त्या मुलींसाठी.

नवरदेवाला क्रॉसबो ओढलेला हवा होता, कॅमेऱ्यावर रोखलेला. "बाण नको ना ताई, नुसता ओढून द्या. स्वॅग दिसला पाहिजे." मी म्हटलं, रिकामा ओढत नाहीत, खटका दाबला गेला तर धनुष्याची पाती फुटून तोंडावर येतात. फोटोवाला हसला. "मॅडम, फोटो काढायचाय, वाघ मारायचा नाय." मग दादा आला. "दे गं. पप्पांनीही दिला असता."

तुम्ही दिला नसता. मला तो रविवार आठवतो. मी पाय क्रॉसबोच्या पुढच्या रिकिबीत रोवते, दोन्ही हातांनी सारख्याच जोराने दोरी मागे घेते, कट्ट वाजतं आणि मी खुशीत मैत्रिणीकडे वळते. तुम्ही ओरडत नाही. आधी क्रॉसबोचं तोंड बांधाकडे फिरवता, मग माझा अंगठा खोबणीवरून उचलून खाली दाबता. "हा तुझाच ना? मग सांभाळ. दोरी जाताना घेऊन जाईल." माझं बोट खटक्यावरून काढता. "आणि एक लक्षात ठेव बाई, ओढला की हा परत ढिला होत नाही. बाण लावायचा, मागे मातीचा बांध आहे ना बघायचं, आणि सोडायचा. म्हणून विचार ओढण्याआधी." मग अर्धा श्वास सोडून थांबायला लावता, खटका न झटकता दाबत न्यायला लावता, बाण लागल्यावरही मान हलवू देत नाही. त्या दिवशी पाणी प्यायलाही सोडलं नाहीत. मी तुम्हाला मनात खूप शिव्या दिल्या होत्या.

आज मी मुलींचा विचार केला आणि ओढला. नवरदेवाने तो घेतला तोच अंगठा खोबणीवर, बोट खटक्यावर ठेवून, आणि त्याची होणारी बायको समोर वाकून त्याच्या जॅकेटची बटणं नीट करत होती. मी क्रॉसबो हिसकावला. सगळ्यांना मागे घेतलं, बाण लावला, बांधात सोडला. ती मुलगी हळूच म्हणाली, "बरं केलंत ताई." तो मात्र भडकला. "चारचौघांत इज्जत काढली हिने."

गाडी गेल्यावर दादा शांतपणे बोलला, तेच जास्त लागलं. "ते उद्या परत येतायत. मागतील तसा द्यायचा. नसेल जमत तर तुझ्या पोरींना सांग, परवापासून येऊ नका. मैदान माझं आहे."

दिला तर कुणाचा तरी डोळा जाईल. नाही दिला तर मुली जातील. घरी माझे पप्पा म्हणतात, "शिकली ना तू? मग दुसरी नोकरी बघ की." मी बघेनही. मुलींना दुसरं मैदान कुठे आहे?

दादा दुकान आवरत होता तेव्हा मी मैदानावरचा तो एकुलता एक क्रॉसबो आत नेला. मदतीची दोरी लावून पाती वाकवली, मुख्य दोरी उतरवली आणि मगच कात्रीने कापली. ताणलेली कापायची नसते. दादाला म्हटलं, तुटली, नवी पुण्याहून मागवावी लागेल. तो चरफडला, पण त्याने नवरदेवाला फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. उद्या सकाळी मुलींना मी नुसतं उभं राहणं आणि श्वास शिकवणार आहे. परवाही. त्यानंतरचं सुचत नाही.

हे पत्र तुमच्या फोटोखाली ठेवणार होते. पण फोटो दादाच्या गल्ल्यावर टांगलेला आहे, आणि नवी दोरी माझ्या पर्समध्ये आहे.