विहिरीत सोडलेल्या दगडाचं गणित

आबा, काल मी एका माणसावर उगाच डाफरले. निवृत्त झाल्यापासून मी मोबाइलवरच्या एका गटात मुलांना भौतिकशास्त्राची गणितं सोडवायला मदत करते. नियम एकच, आधी स्वतः काय केलं ते दाखवा. या माणसानं नुसता गणिताचा फोटो टाकून 'सोडवून द्या' म्हटलं होतं. 'आयतं मिळणार नाही,' मी लिहिलं. थोड्या वेळानं त्यानं वहीच्या पानाचा फोटो टाकला. गणितातले सगळे आकडे त्यानं एकमेकांना गुणले होते. खाली लिहिलं होतं, 'पोरीचं हाय मॅडम. मला जमंना.' गटातलं कुणीतरी त्यावर हसलं. मी मात्र ते पान मोठं करून पुन्हा पुन्हा बघत बसले.

तुम्ही वाळूजच्या कारखान्यात होतात तेव्हा मी अकरावीत. अडलेलं गणित मी कागदावर उतरवून द्यायची. तो कागद तुम्ही डब्याच्या पिशवीत जपून न्यायचात आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्या इंजिनिअर साहेबांपुढं धरायचात. संध्याकाळी उत्तर घरी यायचं, साहेबांच्या तिरप्या, सुबक अक्षरात. "बराबर हाय का?" तुम्ही विचारायचात. मी हो म्हटलं की असे खुलायचात, जणू ते तुम्हीच सोडवलंय.

मग विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा निघाला आणि त्यात चालताना तुम्हाला कारखान्यातल्या कुणीतरी पाहिलं. त्याच आठवड्यात मी विहिरीत सोडलेल्या दगडाचं गणित दिलं होतं. संध्याकाळी कागद उघडते तर विहिरीची खोली, आवाजाचा वेग, दिसेल तो आकडा गुणलेला. "साहेबाला एवढंही येत नाही?" मी ओरडते. तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडताय. "येळ नसंल माय त्याला. उद्या इचारतो." दुसऱ्या दिवशी कागद कोराच परत आला. त्यानंतर तुम्ही कधी गणित मागितलं नाही, मीही दिलं नाही. साहेब काय बोलले होते ते आईनं तुमच्या माघारी सांगितलं. 'जा, तुझ्या मोर्चेवाल्यांकडून सोडवून घे.'

आज सकाळी त्या माणसाला मी ते गणित पायरीपायरीनं समजावून लिहिलं. माफीही मागितली. तुमची मागायची राहून गेली, आबा. हे पत्र तरी कुठं पाठवणार? तुमच्या डब्यात घडी करून ठेवीन. पण एक कबूल करते. विहिरीच्या गणिताच्या त्या कागदावरचं अक्षर साहेबांचं नाही, तुमचं आहे, हे मला बघताक्षणीच कळलं होतं. तरी मी ओरडले.